उष्टा कान

सहा रीड घासून झाल्या की
पुरसोमामा कानस पुसतात,
बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवतात
आणि झाकण दाबून बसवतात.
सातवी हाताशी असते,
केसभर फरक उरलेला असतो,
तरी नाही.
"कान उश्टो जालो," म्हणतात. "चल."

मार्दोळच्या तळीपर्यंत एकशेचाळीस पावलं.
मी मोजली आहेत, कारण पहिल्या वर्षी
ती मला वाया गेलेली वाटायची.
दुकानात अकरा पेट्या उघड्या,
भाते फाटलेले,
पट्ट्या कवळीसारख्या काढून ठेवलेल्या,
सप्ताह नऊ दिवसांवर,
आणि आम्ही दोघं पायरीवर,
पाण्यात पाय.

बोलायचं नाही. गुणगुणायचं तर मुळीच नाही.
एकदा नकळत माझ्या ओठांवर षड्ज आला,
तर उपासाच्या दिवशी कांदा चिरणाऱ्याकडे बघावं
तसं बघितलं त्यांनी माझ्याकडे.
ऐकायचंसुद्धा नाही, म्हणाले.

हे मला अजून जमत नाही.
डोळ्याला पापणी आहे, कानाला काय?
कदंबा बस वळणावर गिअर बदलते, ती काळी दोन.
कुणाच्या तरी घरातला कुकर
काळी पाचच्या जरासा वर.
पलीकडच्या कुळागरात बायका जायांच्या कळ्या खुडतात,
खुडण्याचा आवाज इथवर येत नाही.
म्हणून मी तिकडे बघत बसते.

मागच्या वर्षी मामा आडपईला गेले होते, बारशाला.
मी रात्री साडेअकरापर्यंत एकच रीड धरून बसले.
दोन सुरांमधली ती लाट,
वाँव, वाँव,
लांबत गेली, लांबत गेली,
कानशीचा एक हात, आणखी एक,
आणि थांबली.
जुळलं, म्हटलं. दिवा मालवला.
थांबला होता तो माझा कान.

सकाळी भाता ओढला
आणि काळी चार चिमटा काढल्यासारखी किंचाळली.
घासलेलं पितळ परत चढवता येत नाही.
मामांनी ती रीड खिडकीत उजेडाला धरली,
टोकाशी कांद्याच्या सालीएवढी पातळ.
काही बोलले नाहीत.
टेबलावरचा पिवळा भुगा
बोटानं ओढून काडेपेटीत भरला,
वर तारीख घातली,
आणि म्हाळसेच्या तसबिरीमागे ठेवली.
तिथे आधीच्या चार होत्या.
तारखा माझ्या जन्माच्या अगोदरच्या,
अक्षर त्यांचंच.

तेव्हापासून मी पावलं मोजत नाही.

आज वास्कोहून भजनी मंडळाचे सेक्रेटरी आलेत.
दुकान बंद बघून इकडे आले,
वरच्या पायरीवर उभे, हातात हेल्मेट.
"आमची पेटी?"
"काम चालू आहे," मी सांगते.
ते माझ्या ओल्या पायांकडे बघतात,
मग मामांच्या,
मग घड्याळाकडे.
मामांच्या अंगठ्याशी एक मासा लुचतोय,
त्याला ते हलू देत नाहीत,
म्हणजे अंगठ्याला.

चारच्या सुमाराला पोदेर येतो,
सायकलीचा भोंगा दाबत, पोंय पोंय.
तो भोंगा कुठल्याच पट्टीत बसत नाही.
इतकी वर्षं मी त्याला दोन पट्ट्यांच्या फटीत
कोंबायला बघत होते.
आज तो आला आणि गेला,
उंडे घ्यायला बायका बाहेर आल्या,
एवढंच.

मी उठते, चपला शोधते.
"धुतलास?" मामा विचारतात.
मी खरं सांगते, "थोडा राहिलाय."
मामा, अर्धे उठलेले,
पुन्हा खाली बसतात.

वरच्या पायरीवर हेल्मेट टेकवल्याचा
टक् असा आवाज होतो.
कोणता सूर, ते मी बघत नाही.